मांडणीतलं गाव

सकाळी सकाळी मॅडमच्या नंबरवरून मेसेज आला की समजायचं, आज कुणाची तरी खरडपट्टी निघणार. 'संगणक मंडळ' नावाच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी कधी फुलांची चित्रं टाकली नाहीत की सुविचार टाकले नाहीत. कुणी परस्पर लग्न ठरवलं, कुणी न सांगता नोकरी सोडली, कुणी दिवाळीला शेवगावात येऊनही भेटायला आलं नाही... की थेट विषयाला हात. त्या दिवशी मी सुप्याला कंपनीच्या गेटवर रांगेत उभी होते. फोन वाजला, मॅडमचं नाव दिसलं आणि आज कुणाची पाळी म्हणून मी हसतच मेसेज उघडला. 'मी बाईंचा भाऊ दत्तू. ताई आज पहाटे गेली. मंडळाच्या पोरांना कळवा.' एवढंच होतं. मागून कुणीतरी "ताई, पुढं सरका" म्हणत होतं आणि मी आपली त्या नावाकडे बघत उभी.

बाळूला फोन लावला. बाळू म्हणजे माझ्या वर्गातला, पाथर्डीच्या डोंगराकडचा, आता पुण्यात मोठ्या पगारावर आहे आणि बोलायला लागला की थांबत नाही. त्या दिवशी मात्र त्याने एकच गोष्ट विचारली. म्हणाला, "मने, आजीचं यंत्र अजून चालू आहे का गं?" मॅडम गेल्या आणि हा यंत्राचं विचारतोय, असं कुणालाही वाटलं असतं. पण खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. ते कसं, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

नवले मॅडम शेवगावच्या आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि आवाज असा की वर्गात त्या सरासरी समजावत असताना बाहेर पार्किंगमधल्या पोरांनाही ती समजावी. शिकवताना प्रमाण भाषा, रागावल्या की गावची. त्यामुळे त्या कुठल्या भाषेत सुरुवात करतात यावरून आम्ही पुढचा अंदाज बांधायचो. माझी आणि त्यांची सुरुवात भांडणाने झाली. मला पुण्याला शिकायला जायचं होतं, घरच्यांनी पाठवलं नाही, म्हणून मी पहिलं वर्षभर तोंड पाडून बसायची. एकदा त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, तुझं पुण्यात काय हरवलंय?" मी म्हटलं, "तिथं चांगले कॉम्प्युटर आहेत." "मग हितं बनव," त्या म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. मला वाटलं, बाई नुसतं बोलतात. ऐपतीबाहेरची अपेक्षा करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकलं नसतं.

त्या उन्हाळ्यात धरण तळाला गेलं होतं. मॅडमचं गाव गोदाकाठचं. त्या लहान असतानाच ते धरणाच्या फुगवट्याखाली गेलं आणि लोक वर माळावर नव्या गावात आले. नाव तेच राहिलं, पण लोकांच्या बोलण्यात गावं दोन, जुनं आणि नवं. पाणी इतकं मागे हटण्याचा योग क्वचितच येतो. त्या वर्षी जुन्या गावाची जोती उघडी पडली. मॅडमनी आम्हाला सहल म्हणून नेलं आणि तिथे गेल्यावर प्रत्येकाच्या हातात मोजपट्टी दिली. साडीचा काचा मारलेला, पायात पावसाळी बूट, आणि त्या भेगाळलेल्या गाळातून अशा चालत होत्या की जणू पेठेत भाजी आणायला निघाल्यात. "ही वेस. हा पार. हितून आत वळायचं, नीट बघून, हितं कुंभाराचं चाक असायचं." आम्हाला दिसत होता नुसता चिखल आणि दगडांच्या ओळी. त्या मात्र नसलेल्या भिंतींना वळसा घालून जात होत्या. बाळूने एकदा सरळ दोन जोत्यांवरून उडी मारली तर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या माजघरातून काय चाललास?"

दिवसभर आम्ही गाव मोजलं. वेशीपासून नदीपर्यंतची सगळी गल्ली कागदावर आली. फक्त एक घर राहिलं, मॅडमचं स्वतःचं. ते गल्ली सोडून एका खोलगट भागात होतं आणि तिथे अजून कमरेएवढं पाणी होतं. मी म्हटलं, "तुमच्या आठवणीवरून काढू." त्या म्हणाल्या, "नको. माझ्या आठवणीत ते घर फार मोठं आहे." आणि पट्टी गुंडाळायला लागल्या.

परत येताना नव्या गावात देवळापुढे म्हातारी मंडळी बसली होती. आमच्या हातातले कागद बघून एक आजोबा म्हणाले, "कागदावर काय कळतंय आमाला? डोळ्याला दिसंल असं कायतरी करा." मॅडम तिथल्या तिथे बोलून गेल्या, "चैत्रातल्या जत्रेला तुमचं जुनं गाव तुम्हाला दाखवते. वेशीतून आत शिरायचं ते नदीपर्यंत चालत जायचं, असं." त्या माणसांनी माना डोलावल्या. गाडीत बसल्यावर मॅडमनी मोजमापांचे कागद मांडीवर सारखे केले. मग म्हणाल्या, "दर जत्रेला पुढच्या रांगेतली माणसं कमी होतात. पुढच्या खेपेला दाखवू म्हणण्यासारखं हे काम नाही." शब्द देऊन बसल्या होत्या, आणि तो कसा पाळायचा हे त्या गाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

करायचं होतं ते असं. मोजमापांवरून कॉम्प्युटरमध्ये गाव उभं करायचं, आणि गल्लीतून चालत गेल्यासारखी फिल्म बनवायची. फिल्म म्हणजे शेवटी एकामागून एक ठेवलेली स्थिर चित्रं. पण त्यातलं एकेक चित्र, भिंतींवरच्या उन्हासावलीसकट, काढायला कॉम्प्युटरला बराच वेळ लागतो, आणि अशी हजारो चित्रं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर परीक्षेच्या कामाला जुंपलेले, त्यांना हात लावायची सोय नव्हती. तेव्हा बाळूने एक उपाय वाचून काढला. कुचकामी झालेले पुष्कळ कॉम्प्युटर तारांनी एकमेकांना जोडायचे आणि एकच मोठं काम सगळ्यांत वाटायचं. याला क्लस्टर म्हणतात. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सावड. एकाचा बैल, दुसऱ्याचा बैल, दोघांचं रान." प्राचार्यांनी जिमखान्यामागची एनसीसीची जुनी खोली दिली. तिला बुटांचा आणि डांबरगोळ्यांचा वास होता. "जत्रेपर्यंत खोली तुमची," ते म्हणाले, "त्यानंतर मला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला लागेल. आणि ते भंगार तुम्हीच उचलायचं."

भंगार तरी कुठे होतं तेव्हा? ते गोळा करायचं मॅडमचं तंत्र काही औरच. गणपतीचे दिवस होते, पेठेत सगळी मंडळं वर्गणी मागत फिरत होती. मॅडमनीही पावतीपुस्तक छापलं, वर 'श्री', खाली 'संगणक मंडळ', आणि आम्हाला घेऊन बाजाराच्या दिवशी दुकानं धरली. दुकानदार सवयीने गल्ल्यात हात घालायचा. "पैसे नकोत," मॅडम म्हणायच्या, "बंद पडलेला कॉम्प्युटर असेल तर द्या." पहिल्यांदा लोक हसले, मग माळ्यावर चढले. कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये उंदराने बिऱ्हाड केलेलं, कुणाचा नुसता डबा, आत काही नाही. एका वकिलांनी तर चालू कॉम्प्युटर दिला, बहुधा मॅडम लवकर जाव्यात म्हणून. आणि मंडळाचा रिवाज म्हणजे रिवाज. आलेली प्रत्येक वर्गणी कॉलेजच्या आवारात स्पीकरवरून नावानिशी वाचून दाखवली जायची. "सराफकट्ट्यावरून एक मदरबोर्ड, मंडळ आभारी आहे." ज्याचं नाव वाचलं, त्याचं यंत्र मांडवात बसलंच पाहिजे, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. त्याची किंमत आम्हाला पुढे कळली.

पारूआजी आली ती याच दिवसांत. नव्या गावातली, मॅडमच्या माहेरची शेजारीण, ऐंशीच्या घरातली. एसटीने एकटीच आली. मांडीवर जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं. ते सोडलं तर आत पिवळा पडलेला कॉम्प्युटर. "मास्तरीनबाई, ह्ये घ्या," ती म्हणाली. "पोराचं झेरॉक्सचं दुकान हुतं. त्यो गेला सुप्याला कंपनीत. आता ह्याच्यावर मांजर झोपतंय." अल्ताफने, आमच्या तिसऱ्या गड्याने, झाकण उघडून आत पाहिलं आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. अल्ताफच्या वडिलांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे या कामात त्याचा शब्द शेवटचा. पण आजी सांगत होती, "पावती नगं मला. माजं घर नदीकडंचं शेवटचं. दारात लिंब हुता. तेवढा लिंब काढा." मॅडमनी पावती फाडलीच आणि स्पीकरवर नाव स्वतः वाचलं. आजीने पदर तोंडाला लावून ऐकलं, आणि परतीच्या एसटीची वेळ झाली तरी उठेना.

आता एवढे सगळे बोर्ड ठेवायचे कुठे? लोखंडी रॅक घ्यायची ऐपत नव्हती. एके दिवशी मॅडम टेम्पोतून आपल्या स्वयंपाकघरातली मांडणी घेऊन आल्या, भिंतीवर ताटं-वाट्या लावायची असते ती, स्टीलची. "ताटं उभी राहतात तर हे का नाही राहणार?" खरंच राहिले. ताटाच्या खाचेत एकेक मदरबोर्ड उभा, खाली वाट्यांच्या जागी पॉवर सप्लाय, चमच्यांच्या कप्प्यात स्क्रू. स्टीलला चिकटून बोर्ड जळू नयेत म्हणून अल्ताफने प्रत्येक खाचेत सायकलच्या ट्यूबचे तुकडे बसवले. समोर मंगल कार्यालयातून आणलेला मोठा पंखा. घरी मॅडमची ताटं कित्येक महिने जमिनीवर होती, हे आम्हाला त्यांच्या भावाकडून, दत्तूमामांकडून कळलं. सगळं एकदम सुरू केलं त्या दिवशी जिमखान्यासकट अर्ध्या इमारतीचा फ्यूज उडाला आणि प्राचार्यांची मीटिंग अंधारात गेली. मॅडमनी वायरमनला बोलावण्याआधी नारळ फोडला. "उद्घाटन झालं," म्हणाल्या, "प्राचार्यांच्या उपस्थितीत."

खरी अडचण नंतर आली. बाळूने प्रोग्राम लिहिला, चित्रांचे सारखे वाटे केले आणि प्रत्येक यंत्राला एक वाटा दिला. एका दृश्याची सगळी चित्रं झाल्याशिवाय पुढचं दृश्य सुरू होत नसे. पहिल्या दिवशी आम्ही पेढे आणले. संध्याकाळपर्यंत मांडणीतली सगळी यंत्रं आपापला वाटा उरकून गप्प झाली, आणि एकटं आजीचं यंत्र चालू. दुसऱ्या दिवशी आलो तरी तेच. तिसऱ्या दिवशीही ते आपल्या वाट्याच्या निम्म्यावरच, आणि बाकीची सगळी त्याची वाट बघत बसलेली. बाळूने हिशेब मांडला, या चालीने जत्रा उलटून पुढची दिवाळी येईल.

"मॅडम, आजीचं काढून ठेवू," तो म्हणाला. "एकट्यापायी सगळी खोळंबल्यात."

"वर्गणी परत करायची? नाव वाचल्यावर?"

"परत कशाला?" अल्ताफ म्हणाला. "मांडणीत राहू दे की. दिवा लागलेला ठेवतो. काम फक्त देऊ नका. आजीला काय कळणार आहे?"

मॅडम एरवी रागावायच्या तेव्हा ओरडायच्या. त्या दिवशी आवाज एकदम खाली आला, आणि तो आम्ही कधी ऐकलाच नव्हता. "नुसता दिवा लावून मांडवात बसवायचं, आणि त्याला मान म्हणायचं? असला मान तुला दिला तर चालंल का अल्ताफ?" मला मनातून अल्ताफचंच पटत होतं. एका म्हातारीच्या डब्यासाठी गावभराला दिलेला शब्द बुडवायचा, हे कुठलं शहाणपण? बहुतेक मॅडमनाही रात्रभर हेच खात असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या ओढलेल्या चेहऱ्याने. खोलीत न शिरताच म्हणाल्या, "चला, गावाला जायचंय."

दत्तूमामांच्या रानात कांद्याची खुरपणी चालली होती. बायका ओळीने बसलेल्या, प्रत्येकीने आपापली पात धरलेली. पात म्हणजे एकीने एका दमात खुरपत न्यायचा पट्टा, या बांधापासून त्या बांधापर्यंत. मॅडमनी आम्हाला बांधावर बसवलं आणि नुसतं बघा म्हणाल्या. बघण्यासारखं काही नव्हतं. ऊन होतं, आणि बाळूला भूक लागली होती. मग एक चपळ बाई पलीकडच्या बांधाला पोचली. मला वाटलं, आता ही सावलीत बसेल. ती उठली, सगळ्यात मागे पडलेल्या बाईची पात कुठली ते पाहिलं, आणि त्या पातीच्या दुसऱ्या टोकाला बसून समोरून खुरपत तिच्याकडे यायला लागली. मग दुसरी उठली, मग तिसरी. मागे पडलेली आपल्या चालीने पुढे येतेय, या समोरून येतायत, आणि मधे कुठेतरी गाठ पडली की पात संपली. कुणी कुणाला काही म्हटलंही नाही.

"मी लहानपणी आईबरोबर यायचे," मॅडम म्हणाल्या. "माझा हात उरकायचा नाही. सगळ्या बांधाला पोचल्या की मला रडू यायचं. मान वर करून बघावं, तर समोरून पारूकाकू खुरपत येताना दिसायची. एकदाही म्हणाली नाही की पोरीला उद्यापासून आणू नका." मग त्यांनी डोळे पुसले, सरळ पदराने, आमच्यापुढे लाजल्या नाहीत. बाळू मात्र भूक विसरून ताठ बसला होता. "मॅडम," तो म्हणाला, "आजीच्या यंत्राला शेवटून सुरू करू द्या. फिल्मच्या शेवटच्या चित्रापासून मागं मागं. बाकीची पुढून येतील. वाटे करायचेच न्हाईत. ज्याचं झालं त्यानं पुढचं घ्यायचं." मॅडम म्हणाल्या, "मग मी एवढा वेळ काय बघायला सांगत होते?"

त्या नव्या प्रोग्रामचं नाव बाळूने 'पात' ठेवलं. आजीच्या यंत्राला नदीकाठचं शेवटचं दृश्य मिळालं. तिथे घरं थोडी, म्हणून त्याला झेपणारं. बाकीची यंत्रं वेशीतून आत शिरली. मला आजही ते दिवस आठवले की अंगावर मूठभर मांस चढतं. वकिलांचं यंत्र धावत होतं, सराफांचं मागोमाग, पतसंस्थेचं मधेच तापून बंद पडायचं आणि त्याचं हातातलं चित्र दुसरं कुणीतरी उचलायचं. वीज गेली तर त्या घडीला हातात असलेली चित्रं वाया जात, बाकी काही नाही. पडद्यावर रोज गल्ली पुढे सरकायची. आज पारापर्यंत आली, आज देवळाच्या पायऱ्या, आज कुंभारवाडा. आणि पलीकडच्या टोकाकडून आजीचं यंत्र सावकाश नदीकडून वर चढत होतं. प्राचार्यही येता-जाता डोकवायला लागले. एकदा म्हणाले, "कुठवर आलं गाव?" चैत्र लागला आणि जत्रेच्या आदल्या दुपारी, उतारावरच्या आडापाशी, दोन्हीकडची चित्रं एकमेकांना भेटली. अल्ताफने पंखा बंद केला. इतके महिने घोंघावणारी खोली एकदम शांत झाली आणि मॅडमनी आमच्या तिघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला. तसा धपाटा मला पुढे कुठल्याही साहेबाकडून मिळाला नाही.

जत्रेच्या संध्याकाळी, पालखी देवळात गेल्यावर, नव्या गावाच्या शाळेच्या भिंतीवर पांढरा कपडा लावला. पुढच्या रांगेत म्हातारी मंडळी. फिल्म सुरू झाली. वेस आली, आणि आपण तिच्यातून आत शिरलो. मला वाटलं होतं लोक टाळ्या वाजवतील, रडतील. तसं काही झालं नाही. लोक चुका काढायला लागले. "त्ये दार उगवतीला हुतं." "न्हाई रं, ते तात्याचं. ह्ये आपलंच हाय." "पाराला तीन पायऱ्या हुत्या, दोन न्हाई." एक आजोबा उठून पडद्यापाशी गेले आणि त्यांची सावली पडली म्हणून मागून आरडाओरडा झाला, तरी ते आपल्या ओट्यावर हात फिरवत उभे राहिले. मी घाबरून मॅडमकडे पाहिलं तर त्या हसत होत्या. "बघ," म्हणाल्या, "भांडतायत. म्हणजे पोचले." गल्ली उतारावरून नदीकडे वळली, आणि शेवटी ते घर आलं. दारात लिंब. पाण्यावर ऊन. चित्र तिथेच थांबलं.

मॅडम पारूआजीजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, हे तुमच्याच यंत्रानं काढलंय. दुसऱ्या कुणी हात लावला नाही." आजीने कितीतरी वेळ बघितलं. मग म्हणाली, "लिंब लई बारीक काढलाय. ह्याच्या दुप्पट हुता." सगळी शाळा हसली, आजीही हसली, आणि मॅडम, ज्या अख्ख्या जत्रेत हसत होत्या, त्या हमसून हमसून रडल्या. फिल्म लोकांनी पुन्हा लावायला लावली, आणि पुन्हा, आणि पुन्हा. फेटा बांधलेले प्राचार्य बाकावर बसून प्रत्येक वेळी पहिल्यासारखीच बघत होते. पुढच्या आठवड्यात एनसीसीच्या खोलीवर 'संगणक मंडळ' अशी पाटी लागली. ती प्राचार्यांनी स्वतः रंगवून घेतली होती. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कुठे गेले, ते आम्ही विचारलं नाही.

मग आम्ही पांगलो. बाळू पुण्याला गेला, मी सुप्याच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळते, अल्ताफचं शेवगावात दुकान आहे. पारूआजीही गेली. मॅडम निवृत्त झाल्या, पण खोलीत जाणं चुकलं नाही. नवी मुलं आली, नवे बोर्ड आले, मांडणीतली जुनी ताटं एकेक करून बदलली. आजीचा बोर्ड तेवढा खालच्या खाचेत राहिला आणि मंडळात रिवाज पडला, काम कुठलंही असो, शेवटचं चित्र आजीच्या यंत्राला. शेवटची भेट झाली तेव्हा मॅडम फार खंगल्या होत्या. माझी नोकरी, माझं घर, सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "मने, तुला पुण्याला जायचं होतं ना?" मी म्हटलं, "हितं बनवला ना कॉम्प्युटर." "बनवला खरा," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून हसल्या.

त्यांचे दिवस झाल्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघं त्या खोलीत जमलो. एकच काम राहिलं होतं, जुन्या गावातलं ते न काढलेलं घर. मोजमाप नव्हतं. मग मॅडम वर्षानुवर्षं बोलता बोलता जे सांगत आल्या, त्यावरून काढायचं ठरवलं. पडवीत सगळी भावंडं आडवीतिडवी झोपायची, तेवढी पडवी. ओट्यावरून उडी मारताना भीती वाटायची, तेवढा ओटा. चौकटीला हात पुरायचा नाही, तेवढं दार. आताच्या मंडळातल्या एका मुलीने ते घर उभं केलं, आणि आम्ही ते आजीच्या यंत्राला दिलं. ती बिचारी म्हणाली, "ताई, नव्या मशीनवर हे चुटकीसरशी होईल." बाळू, ज्याला आयुष्यभर सगळ्याची घाई, तो म्हणाला, "होऊ दे त्याच्या चालीनं." दत्तूमामाही आले होते. चित्र चौकोना-चौकोनाने भरत गेलं, आधी उंबरा, मग ओटा, मग पडवी. आम्ही चहा मागवला, तो प्यालो, दुसरा मागवला. मॅडमचं काय काय निघालं, हसणंही झालं. शेवटचा चौकोन भरला तेव्हा दुपार कलली होती.

दत्तूमामा चष्मा वर करून पडद्याजवळ गेले. "एवढं मोटं न्हवतं आमचं घर," ते म्हणाले. "दोनच खण हुते." बाळूने माझ्याकडे पाहिलं. लहान करणं अवघड नव्हतं, अल्ताफचा हात कीबोर्डकडे गेलासुद्धा. मामांनी तो धरला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तिला तेवढंच दिसायचं."

म्हणून आमच्या फिल्ममधली बाकीची सगळी घरं मोजून मापून काढलेली आहेत, आणि मॅडमचं घर होतं त्यापेक्षा मोठं आहे.